तांबूने चेंडू आणून द्यावा म्हणून : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

तांबू आता अंदाजे चार महिन्यांचा आहे. अंदाजे म्हणण्याचे कारण असे की, साताऱ्यातील आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर बंद पडून असलेल्या टेंपोखाली, जुलैच्या पावसात, कोणाच्याही नकळत तो जन्मला आणि बारीक कुंईकुंई ऐकू येऊ लागली तेव्हाच तेथे पिल्ले आहेत हे आम्हाला कळले. त्याच्या लशींचे वेळापत्रक पूर्ण झाले असून रेबीजची लसही टोचून झाली आहे, त्यामुळे त्याला मोकळ्या मैदानावर नेण्यास पशुवैद्यांनी संमती दिली आहे. दिवाळीचे फटाके थांबण्याची वाट पाहत होतो. आजपासून नोंदी ठेवतो.

सध्याची स्थिती अशी आहे. चेंडू फेकला की तो सुसाट धावतो, चेंडू तोंडात धरतो आणि सरळ जास्वंदीच्या झुडपाखाली जाऊन तो कुरतडत बसतो. आम्ही जवळ गेलो की तेथून निसटतो आणि मग मी, लेक आणि प्रसंगी वसाहतीचा रखवालदार असे तिघे त्याच्यामागे इमारतीला फेऱ्या मारतो. आज मी बाल्कनीतून हा प्रकार पहिल्यांदा दुरून पाहिला. तांबू मध्येच थांबून मागे वळून पाहत होता. लेक थांबली की तोही थांबत होता आणि ती पुन्हा धावली की शेपूट उंचावून पुढे पळत होता. खेळ तर तो उत्तम खेळत होता, पण त्या खेळात चेंडू त्याचा होता आणि धावणारे आम्ही होतो. गेले तीन आठवडे आम्ही त्याला हाच धडा देत आलो आहोत.

त्यामुळे पहिला नियम आजच ठरवला: चेंडू तोंडात असलेल्या तांबूच्या मागे घरातील कोणीही धावायचे नाही. चेंडू हरवला तरी चालेल.

उद्दिष्टही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर सोयीस्करपणे बदलता येणार नाही. जानेवारीअखेर मैदानावर साधारण १५ मीटर अंतरावर फेकलेला चेंडू दहापैकी आठ वेळा त्याने माझ्या हातापर्यंत आणावा आणि शब्द ऐकून सोडावा.

१२ नोव्हेंबर

साहित्याची खरेदी केली. चेंडूचा आकार हा पहिला प्रश्न होता, कारण घशात अडकू शकेल असा चेंडू वाढत्या कुत्र्याला देणे धोक्याचे असते. टेनिसच्या चेंडूचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असतो. तांबूच्या सध्याच्या जबड्यासाठी तो पुरेसा मोठा आहे आणि त्याला तो धरताही येतो. मात्र टेनिसच्या चेंडूवरचे लोकरीसारखे आवरण धूळमाती धरून ठेवते आणि सतत चघळल्यास दातांवर पॉलिशकागदासारखे काम करते, म्हणून हा चेंडू केवळ सरावापुरता बाहेर काढायचा आणि नंतर कपाटात ठेवायचा, असे ठरवले. यामागे दुसराही हेतू आहे: दिवसभर समोर पडून असलेल्या वस्तूचे अप्रूप राहत नाही.

दुकानदार लाल चेंडू देत होता, तो नाकारला. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसून दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात, परंतु लाल आणि हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. हिरव्या गवतात पडलेला लाल चेंडू तो नाकाने शोधेल, डोळ्यांनी नव्हे. एक पिवळा आणि एक निळा असे दोन घेतले.

त्याखेरीज दहा मीटर सुती दोर आणि छातीवरून येणारा पट्टा घेतला. गळ्याच्या पट्ट्याला लांब दोर बांधणे मला मान्य नाही. पळते पिल्लू दोर संपल्यावर झटक्याने थांबते आणि तो सगळा झटका मानेवर बसतो. बक्षिसासाठी मीठ न घालता उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे डब्यात भरून ठेवले. आईने डबा पाहिला आणि ‘माझ्या नातीला शाळेच्या डब्यात एवढं मिळत नाही,’ असे म्हणून ती पूजेला निघून गेली.

१६ नोव्हेंबर

चार दिवस चेंडूला हातही लावला नाही. फक्त खूण शिकवली. बटणाचे बॉलपेन टिक्कन वाजवायचे आणि लगेच, सेकंदभराच्या आत, तुकडा द्यायचा. एका बैठकीत पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. आज तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा असताना पेन वाजवले तेव्हा त्याने गर्रकन वळून माझ्या हाताकडे पाहिले, म्हणजे खूण पक्की झाली.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याकडे काम केलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४० च्या दशकात प्राणी शिकवण्याचा व्यवसायच उभा केला आणि टिक असा आवाज करणारे छोटे खेळणे खूण म्हणून वापरले. उपयोग एवढाच की, तुकडा तोंडापर्यंत पोचेतो पिल्लाने आणखी चार गोष्टी केलेल्या असतात. नेमक्या कोणत्या क्षणासाठी बक्षीस मिळाले हे त्या टिकटिकीने त्याला कळते.

१९ नोव्हेंबर

आजपासून चेंडू बाहेर काढला, पण फेकला नाही. धावणे, पकडणे, घेऊन येणे आणि सोडणे या क्रमातील शेवटची पायरी आधी शिकवायची, मग तिच्या अलीकडची, असे उलटे जायचे आहे. तांबूसारख्या पिल्लाला धावणे आणि पकडणे कोणी शिकवावे लागत नाही. ते शिकारीच्या क्रमाचेच पहिले तुकडे आहेत. पकडलेली वस्तू दुसऱ्याला आणून देणे मात्र त्याच्या व्यवहारात बसत नाही. त्याच्या आईने, आजीने आणि पणजीने उकिरड्यावर जे सापडले ते आडोशाला नेऊन खाल्ले, म्हणूनच ती जगली. जास्वंदीखाली बसणे हा त्याचा हट्ट नसून घराण्याची रीत आहे.

मी जमिनीवर बसून चेंडू त्याच्यापुढे धरला, त्याने तो तोंडात घेतला, मी नाकापाशी तुकडा नेला, त्याने चेंडू सोडला, टिक केले, तुकडा दिला आणि (हे महत्त्वाचे) चेंडू लगेच त्याला परत दिला. सोडल्याने वस्तू जात नाही, उलट वर काहीतरी मिळते, हा हिशेब त्याला पटला पाहिजे. वीसपैकी सोळा वेळा जमले. शब्द ठरवला ‘दे’.

२३ नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. सकाळी दहापासून फटाके, ढोलताशे आणि गुलाल. तांबू दिवसभर पलंगाखाली होता. सराव नाही.

२९ नोव्हेंबर

हा आठवडा कोड्यात गेला आणि त्याचे उत्तर आज सापडले, म्हणून सविस्तर लिहितो.

घरातल्या घरात दोन-तीन हात अंतरावर चेंडू घरंगळत सोडायला सुरुवात केली होती. तांबू चेंडू उचलत होता, माझ्याकडे वळतही होता, आणि मी उत्साहाने ‘ये, ये’ म्हटले की चेंडू तेथेच टाकून रिकाम्या तोंडाने माझ्याकडे येत होता. उलट चेंडू तोंडात घेऊन माझ्यासमोर उभा असताना मी ‘दे’ म्हटले की कधी सोडत होता, तर कधी आणखी पुढे सरकून माझ्या गुडघ्याला नाक लावत होता. मला वाटले, पिल्लू आहे, लक्ष उडते. लेकीने मोबाइलवर केलेले चित्रीकरण आज तीन-चार वेळा पाहिले आणि दोष माझ्या जिभेचा असल्याचे ध्यानात आले. ‘ये’ आणि ‘दे’ हे दोन्ही शब्द एकाक्षरी आहेत, दोन्ही ‘ए’ वर लांबतात, आणि मी दोन्ही एकाच लाडीक सुरात म्हणतो. सुरुवातीचे व्यंजन त्या लांबवलेल्या सुरात बुडून जाते. त्याच्या कानाला मी एकच शब्द ऐकवत होतो आणि दोन वेगवेगळ्या अपेक्षा ठेवत होतो. बिचाऱ्याने दोन्ही आळीपाळीने करून पाहिल्या.

जेवताना हा विषय काढला, तेव्हा आणखी एक घोटाळा बाहेर आला. आई त्याला ‘मेल्या, टाक ते खाली,’ असे म्हणते, आणि लेक मला दिवसभर त्याच्यादेखत ‘बाबा, टाक ना,’ म्हणत असते. म्हणजे ‘टाक’ ऐकले की एकदा चेंडू सोडायचा आणि एकदा धावायला तयार व्हायचे. आपल्या भाषेत हे क्रियापद फारच कामे करते. माणसांना संदर्भ कळतो म्हणून चालते.

ठराव पुढीलप्रमाणे झाला. बोलावताना ‘तांबू, इकडे’. चेंडूकडे पाठवताना ‘आण’. सोडवताना ‘सोड’, यात ‘स’चा फुत्कार आहे, शेवटी ‘ड’चा ठोका आहे, आणि बाकीच्या कोणत्याही शब्दाशी त्याचा गोंधळ होत नाही. ‘ये’, ‘दे’ आणि ‘टाक’ हे तिन्ही शब्द चेंडू बाहेर असताना घरात वर्ज्य. कागद फ्रिजवर चिकटवला आहे. लेकीने स्वतःसाठी ‘फेक’ हा शब्द निवडला.

७ डिसेंबर

चेंडूच्या लोकरीत तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, आणि भोवती थोडे रक्त. दात दुधाचा, पुढचा. पिल्लाचे दुधाचे दात २८ असतात आणि त्यांच्या जागी ४२ कायमचे येतात. चौथ्या ते सातव्या महिन्यादरम्यान हे स्थित्यंतर चालते, त्यामुळे गेले दोन दिवस तो चेंडू धरून लगेच का टाकत होता याचा उलगडा झाला. हिरड्या दुखत असताना सराव लादला तर चेंडू आणि दुखणे यांची त्याच्या मनात गाठ बसेल. पाच दिवस सुट्टी. गारव्यासाठी ओला फडका पिळून फ्रिजमध्ये ठेवून त्याला चघळायला दिला. आईने दात देवघराजवळच्या डबीत लेकीच्या दातांशेजारी ठेवला आहे. दोघांचे ओळखायचे कसे, असे विचारले नाही.

१३ डिसेंबर

पुन्हा सुरुवात. जिन्याखालचा अरुंद बोळ वापरला; एक टोक बंद आहे आणि दुसऱ्या टोकाला मी बसतो. चेंडू बंद टोकाकडे सोडला की परतण्याचा रस्ता माझ्यावरूनच जातो, त्यामुळे ‘आणणे’ आपोआप घडते आणि मला केवळ योग्य क्षणी टिक करावे लागते. ‘सोड’ आता दहापैकी नऊ.

खालच्या मजल्यावरचे काका त्यांचा लॅब्रेडॉर घेऊन पाहायला आले होते. तो तिसऱ्या महिन्यापासून न शिकवता चपला आणून देतो, असे त्यांनी सांगितले, आणि ‘गावठीला हे जमायचं नाही हो,’ असाही अभिप्राय दिला. त्यांचे पहिले म्हणणे मला मान्य आहे. लॅब्रेडॉरच्या पूर्वजांनी कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या कोळ्यांसाठी पाण्यातून मासे आणि जाळी ओढून आणली, पुढे ब्रिटनमध्ये पडलेले पक्षी न चावता उचलून आणणाऱ्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या केली गेली, आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने ही जात नोंदवली. त्या कुत्र्याच्या तोंडात वस्तू असणे हाच त्याचा आनंद आहे. दुसरे म्हणणे मात्र मान्य नाही. २०२० साली स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांनी वाढवलेल्या लांडग्याच्या आठ आठवड्यांच्या १३ पिल्लांपुढे चेंडू टाकून पाहिले, तेव्हा त्यांतील तिघांनी अनोळखी माणसाच्या हाकेवर तो परत आणून दिला. लांडग्याच्या पिल्लांत हे बीज तुरळक का होईना आढळत असेल, तर साताऱ्याच्या टेंपोखालील पिल्लात ते नसेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. हे मी काकांना बोललो नाही; येथे लिहितो आहे.

१९ डिसेंबर

बोळातून बाहेर, वसाहतीच्या आवारात. आठ-दहा पावले अंतर. नवी अडचण अशी की तांबू चेंडू घेऊन येतो, पण माझ्यापासून तीन पावलांवर थांबतो, मान खाली घालतो आणि बाजूला सरकण्याच्या तयारीत उभा राहतो. मी वाकून हात पुढे केला की गेलाच. हा जुन्या पाठलागाचा अवशेष आहे.

दोन उपाय केले. पहिला म्हणजे तो निम्म्या वाटेवर आला की त्याच्याकडे पाठ फिरवून मीच चार पावले पळायचे. पळणाऱ्याच्या मागे धावणे त्याला आवडतेच, मग धावणारा तो असू दे. वसाहतीतील लोक खिडक्यांतून पाहत होते. पन्नाशीच्या माणसाने पिल्लापासून पळण्यात एक प्रकारचा मोकळेपणा आहे. दुसरा उपाय दुसऱ्या चेंडूचा. पिवळा त्याच्या तोंडात असताना मी निळा हातात उडवत राहतो; तोंडातला ‘सोड’ म्हणून सोडला की निळा तत्क्षणी फेकला जातो. सात फेऱ्या सलग झाल्या. आठवी घ्यायचा मोह आवरला. पिल्लाला आणखी हवे असतानाच थांबणे हे मला या संपूर्ण कामात सर्वांत अवघड जाते.

२५ डिसेंबर

मैदानावर दोर बांधून पहिला दिवस. मैदानाच्या एका अंगाला मुलांचा क्रिकेटचा डाव चालू होता. चौथ्या फेकीनंतर दोर माझ्या हातातून निसटला, आणि नेमका त्याच वेळी एका मुलाने मिडविकेटकडे टोलावलेला चेंडू तांबूच्या समोरून गेला. त्याने तो सीमेच्या आत अडवला, उचलला आणि अजिंक्यताऱ्याच्या दिशेने कूच केले. अकरा मुले आरडाओरडा करत त्याच्यामागे धावली. दीड महिन्याचे काम डोळ्यांसमोर पळत होते.

‘थांबा रे, कुणी धावू नका! उलटे पळा!’ असे मी ओरडलो. मुलांना ते वेडेपणाचे वाटले असावे, पण गोलंदाजी करणारा मुलगा खरोखरच उलटा पळाला आणि तांबू घुटमळला, वळला आणि त्याच्यामागे आला. मी चिकनचा तुकडा त्या मुलाच्या हातात दिला आणि ‘सोड’ म्हणायला सांगितले. चेंडू मिळाला. ‘काका, ह्यानं चौकार अडवला, ह्याला आमच्यात घेऊ का?’ असे मुलाने विचारले. आधी आणायला शिकू दे, असे सांगितले. नंतर सगळ्यांना बसवून न धावण्याचा नियम समजावला आणि प्रत्येकाकडून एकदा ‘सोड’ म्हणवून घेतले. अनोळखी हातांत चेंडू देण्याचा सराव कधीतरी करायचाच होता.

४ जानेवारी २०२५

घसरण. तीन दिवसांपासून तांबू अर्ध्या वाटेत चेंडू टाकून माझ्या खिशाकडे धावत येतो. कारण उघड आहे: खिशातले चिकन चेंडूपेक्षा भारी ठरले. त्याच्या दृष्टीने चेंडू ही आता चिकनच्या वाटेवरची अडगळ आहे.

वर उल्लेख केलेल्या ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये आपल्या फसलेल्या प्रयत्नांविषयी मोकळेपणाने लिहिले होते. त्यांनी एका रॅकूनला (हा अमेरिकेतला एक छोटा रानटी प्राणी) नाणे उचलून डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे असताना काम कसेबसे जमले, पण दोन दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसे आणि सोडीना, जसा तो खाण्यापूर्वी आपले भक्ष्य चोळतो. नाणे खाऊशी जोडले गेले आणि मग नाणेच खाऊ झाले. माझी अडचण तिच्या उलट टोकाची असली तरी मूळ तेच आहे, खाऊने कामात नको तेवढी ढवळाढवळ केली आहे.

म्हणून बदल केला. मैदानावर खाऊ बंद. चेंडू हातात दिला तर बक्षीस म्हणजे पुढची फेक. वाटेत टाकला तर मी हात बांधून आकाशाकडे पाहतो. पहिल्या दिवशी त्याने चेंडू टाकला, माझ्याकडे पाहिले, भुंकला, पुन्हा चेंडूकडे पाहिले. जवळपास दोन मिनिटे गेली. मग तो परत गेला, चेंडू उचलला आणि माझ्या बुटावर आणून ठेवला. बूट म्हणजे हात नव्हे, पण आज तेवढ्यावर फेकला.

१४ जानेवारी

संक्रांत. पाहुण्यांची ये-जा. तांबू प्रत्येकीपुढे चेंडू घेऊन उभा राहिला आणि ‘सोड’ म्हणणाऱ्या प्रत्येकीला त्याने तो दिला. फक्त आत्याने ‘दे रे बाळा’ म्हटले, तेव्हा तो तिच्या पदराला नाक लावून बसून राहिला.

१९ जानेवारी

गेला आठवडाभर दोर जमिनीवर नुसता घसटत ठेवला होता, कोणी धरला नाही. आज तो सोडवला. दहा फेकी, सात हातात, दोन बुटांपाशी, एकदा वाटेतली शेळी पाहून विसर. चेंडू उंच टप्पा घेणार नाही अशा बेताने जमिनीलगत फेकतो, कारण या वयात हाडांच्या टोकांची वाढ चालू असते आणि हवेत झेप घेऊन आदळणे सांध्यांना सोसत नाही. दहा फेकींची मर्यादाही त्यासाठीच आहे. बुटापाशी ठेवला की मी दोन्ही तळवे ओंजळीसारखे गुडघ्यापाशी धरून थांबतो. तो पुन्हा उचलून ओंजळीत टाकतो. ओंजळ ही खूण त्याने स्वतः निवडली म्हणायची.

२६ जानेवारी, रविवार

ठरल्याप्रमाणे चाचणी. सकाळी झेंडावंदन आटोपून साडेनऊला मैदानावर. लेक पंधरा मीटर मोजून विटेचा तुकडा ठेवून आली आणि वही घेऊन बसली. मुलांचा डाव नेहमीच्या जागी चालू होता. तो हलवायला सांगितले नाही.

पहिल्या सहा फेकी स्वच्छ, थेट ओंजळीत. सातवीला चेंडू विटेला लागून काटेरी झुडपात गेला. तांबूने दोनदा आत नाक घालून काढले आणि मग माझ्याकडे पाहत उभा राहिला. हे अपयश म्हणून लिहायला लेकीला सांगितले. आठवी हातात. नववी बुटापाशी, पण ओंजळ धरताच उचलून हातात. म्हणजे आठ झाल्या आणि उद्दिष्ट गाठले.

दहावी फेक त्याने सुरेख पकडली, वळला, माझ्या दिशेने पाच-सात पावले आला, आणि मग डाव्या बाजूला वाकडा होऊन सरळ क्रिकेटच्या खेळपट्टीकडे गेला. गोलंदाजी करणारा तोच मुलगा धाव घेण्याच्या तयारीत होता. तांबू त्याच्यापुढे बसला. मुलाने हात पुढे करून ‘सोड’ म्हटले आणि तांबूने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला.

लेकीने वहीतून मान वर केली आणि विचारले, ‘बाबा, हे काय लिहू?’ मी ‘आणला’ असे लिहायला सांगितले. तिने ‘आणला (दुसऱ्याला)’ असे लिहिले आहे.